सहाव्या होलचं पान

आमच्या मैदानावर नऊ होल आहेत आणि त्यातल्या आठांबद्दल मी खरं सांगितलं आहे. हे आधीच बोलून टाकतो. पुढे कोणी म्हणायला नको की हा माणूस मुळातच लबाड.

मी कॅडी. साहेबलोक गोल्फ खेळतात तेव्हा त्यांच्या काठ्यांची बॅग खांद्यावर घेऊन सोबत चालणारा माणूस. लग्नकार्यात पाहुणे विचारतात, "बॅगच उचलता ना बापा, त्यात काय एवढं?" अस्सा राग येतो मला! बॅग काय, हमालही उचलतो. आमचं काम बॅग खाली ठेवल्यावर सुरू होतं. कुठे मारायचं, कोणत्या काठीनं, किती जोरात, आणि मुख्य म्हणजे कुठे मारायचं नाही, हे सांगावं लागतं. तेही अशा बेतानं सांगायचं की साहेबांना वाटावं, वा, आपल्यालाच सुचलं.

माझा एक जोडीदार होता. आम्ही दोघं कुहीकडच्या एकाच गावचे. नागपूरला एकत्र आलो, मनीषनगरच्या पलीकडे एकाच खोलीत राहिलो, लग्नं झाल्यावर शेजारशेजारच्या खोल्या घेतल्या. पितळेचा बिल्लाही दोघांनी एकाच दिवशी छातीला लावला. बिल्ला असला तरच गेटमधून आत सोडतात. बिल्ला गेला की पंचवीस वर्षांची विद्या घेऊन माणूस सरळ रस्त्यावर. दुपारी कडुलिंबाखाली बसून आम्ही एकमेकांच्या डब्यातलं खायचो. त्याच्या घरची वांग्याची भाजी आमच्याकडच्यापेक्षा चांगली असायची, आणि ते मी घरी कधी बोललो नाही.

तीन वर्षांपूर्वी क्लबच्या सेक्रेटरी साहेबांनी मला ऑफिसात बोलावलं.

"पुस्तक काढतो आहे," ते म्हणाले. "खिशात मावेल असं. एका होलला एक पान. कसं खेळायचं ते तू सांगायचं, मी लिहून घेणार. तुझ्याएवढं हे मैदान कोणाला माहीत नाही."

छाती फुगली माझी, कशाला खोटं बोलू! जन्मात पहिल्यांदा माझं बोलणं कोणीतरी लिहून घेणार होतं. सोमवारी मैदान बंद असतं. त्या सकाळी आम्ही दोघंच चालत निघालो. साहेब पुढे वही घेऊन, मी मागे, त्या दिवशी बॅगेशिवाय. खांदा कसा हलका हलका, चमत्कारिक वाटत होता.

पहिला होल समोर सगळा मोकळा दिसतो, म्हणून माणूस जोर काढतो आणि बॉल बाभळीत घालतो. मी सांगितलं, इथे पाऊण जोर, आणि नजर लांबच्या पाण्याच्या टाकीवर. दुसऱ्याला मध्ये एक कडुलिंब आहे. सगळे त्याला टाळायला जातात. टाळू नका. सरळ त्याच्याकडेच मारा, कारण तुमचा बॉल सरळ जाण्याची शक्यता सगळ्यात कमी. साहेब खो खो हसले आणि लिहून घेतलं. तिसऱ्याची जमीन काळी माती. एप्रिल-मेमध्ये भेगा पडतात, बॉल टणाटण उड्या मारत जातो, तेव्हा एक काठी लहान घ्यायची. श्रावणात तोच बॉल चिखलात थप्पकन बसतो, तेव्हा एक काठी मोठी.

साहेब लिहिता लिहिता खूश झाले. वही मिटून म्हणाले, "हे हातात आलं ना, की मेंबरला चाकाची ट्रॉली पुरे. बॅग आपली आपण ओढेल. कॅडीची भानगडच संपली."

माझ्याशी बोलत होते. कॅडीशी! आणि चेहऱ्यावर काही नाही. झाडाला ऐकू जाईल म्हणून कोणी झाडासमोर बोलायचं थांबत नाही, तसं.

डोकं सणकलं माझं. चौथा आणि पाचवा मी सवयीनं खरा सांगितला. तोंड बोलत होतं, पण आत एकच चाललं होतं: कडुलिंबाखाली बसणारे आम्ही चौदा जण, सगळ्यांच्या बिल्ल्यांवर मी इथे माझ्या हातानं माती लोटतो आहे. नाही म्हणालो तर माझा बिल्ला आजच जाईल. हो म्हणालो तर सगळ्यांचे हळूहळू जातील. माझ्याच विद्येनं मला बरोबर कोंडीत पकडलं होतं.

मग सहावा आला. सहाव्याची खुबी त्याच्या ग्रीनमध्ये आहे. ग्रीन म्हणजे शेवटच्या भोकाभोवतीचं बारीक कापलेलं गवत, जिथे पटर नावाच्या काठीनं बॉल हळूच ढकलत भोकात घालायचा. या ग्रीनच्या डाव्या हाताला नाला, उजव्या हाताला रस्ता. पाहणाऱ्याला वाटतं की उतार नाल्याकडे आहे. डोळे शपथेवर सांगतात. पण पुराचं पाणी आत येऊ नये म्हणून कधीकाळी नाल्याकडची बाजू उचलून बांधली आहे, त्यामुळे बॉल वळतो रस्त्याकडे. हे डोळ्यांना दिसत नाही, तळपायांना कळतं. आम्हाला कळायलाही दोन पावसाळे लागले होते.

"इथे काय?" साहेबांनी विचारलं.

"इथे बॉल नाल्याकडे वळतो जी," मी म्हणालो.

साहेबांनी वाकून पाहिलं. "हो, दिसतंच आहे," म्हणाले आणि लिहिलं.

माझा हिशोब सरळ होता. सगळे मेंबर सहाव्याला चुकतील, चिडतील, म्हणतील की पुस्तक कुचकामी, बोलवा कॅडीला. सातवा, आठवा, नववा मी परत खरा सांगितला आणि शीळ घालत घरी गेलो.

पुस्तक छापून आलं. वर गुळगुळीत प्लास्टिक, पहिल्या पानावर ओळ: आमच्या सर्वात अनुभवी कॅडीनं सांगितल्याप्रमाणे. मेंबर सहाव्याला चुकू लागले, हे माझ्या हिशोबाप्रमाणेच झालं. पण शिव्या पुस्तकाला पडल्या नाहीत! "छे, माझा हात हलला," म्हणायचे. "आज झोप नीट झाली नाही." "पटरच बदलायला पाहिजे." आठ पानं खरी निघाल्यावर नववं कोण तपासतो? आणि कॅडी रस्त्याकडे म्हणाला, की त्याच्या नाकासमोर पान धरायचे. महिनाभरात चौदातले तेरा जण मूर्ख ठरले. मी सोडून. मी तर लेखक!

जोडीदारानं पहिल्याच आठवड्यात मला गाठलं.

"काहून गा, सहाव्याचं उलटं छापून आलं ना?"

"छापणाऱ्याची चूक असन," मी म्हणालो.

"मंग सांग ना साहेबाले."

"सांगतलं ना. पुढच्या छपाईत सुधरवतो म्हणे."

झालं. एका खोट्याच्या बुडाखाली दुसरं खोटं सरकवलं. त्यानं मान हलवली, डब्यातली भाजी माझ्याकडे ढकलली आणि विषय संपला. ती भाजी मी खाल्ली.

पण तो स्वभावानं अडेल. मेंबर चुकताना त्याला पाहवायचं नाही. प्रत्येकाला सांगायचा, "साहेब, तो छापणाऱ्यानं घोळ केला जी, आमच्या माणसानं बरोबर सांगतलं होतं." माझी बाजू घेऊन भांडायचा! शेवटी कोणीतरी तक्रार केली. सेक्रेटरी साहेबांनी त्याला सगळ्यांसमोर उभं केलं आणि म्हणाले, "पुस्तकाच्या विरोधात पुन्हा एक शब्द काढलास तर बिल्ला काढून घेईन."

मी तिथेच होतो, चार हातांवर. तेव्हाच बोलायला हवं होतं. नाही बोललो. भीती वाटली, दुसरं काही नाही. नंतर सायकल काढताना तोच मला म्हणाला, "तू नको मधात पडू गा, तुह्या बिल्ल्यालेही लागन."

त्यानंतर सहावा होल म्हणजे माझ्यासाठी रोजची फाशी. ज्यांची बॅग माझ्याकडे असेल ते साहेब विचारायचे, मी म्हणायचो, "पुस्तकात आहे ना साहेब," आणि बुटांकडे पाहायचो. खरं सांगावं तर मी खोटा. खोटं सांगावं तर समोरचा चुकतो. गप्प बसावं तर जोडीदार एकटाच बोलत राहतो. कुठूनच वाट नव्हती.

गेल्या हिवाळ्यात क्लबचा अंतिम सामना झाला. एका बाजूला खुद्द सेक्रेटरी साहेब, त्यांची बॅग माझ्या खांद्यावर. दुसऱ्या बाजूला एक डॉक्टर मॅडम, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या, आम्हाला सगळ्यांना अहोजाहो करणाऱ्या. त्यांची बॅग माझ्या जोडीदाराकडे. सहाव्यापर्यंत दोघं बरोबरीत. मॅडमचा बॉल ग्रीनवर, भोकापासून पाचसहा पावलांवर. साहेबांचा जवळच. मॅडमनी घातला तर बरोबरी टिकते, चुकला तर साहेब पुढे.

जोडीदार उकिडवा बसला, गवतावर हात फिरवला. त्याला धमकी आठवत होती, हे मला त्याच्या मानेवरून कळत होतं. तरी म्हणाला, "मॅडम, रस्त्याकडे वळते. नेम नाल्याच्या बाजूनं धरा."

मॅडमनी खिशातून पुस्तक काढलं. "अहो, इथे तर उलट आहे." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "हे तुम्हीच सांगितलंय ना? मग तुम्हीच सांगा, कुणीकडे?"

आता नियम असा, की समोरच्या खेळाडूला मी सल्ला दिला तर आमच्या साहेबांचा तो होल गेला. साहेब लगेच म्हणाले, "त्याला बोलता येत नाही, मॅडम." आणि मला, खरं सांगतो, सुटल्यासारखं वाटलं. नियमाच्या आड लपायला मिळालं! मी बुटांकडे पाहिलं.

मॅडमनी पुस्तकाप्रमाणे बॉल ढकलला. तो छान निघाला, अर्ध्यावर गेला आणि रस्त्याकडे वळून भोकापासून हातभर लांब थांबला.

"माझाच हात हलला," मॅडम म्हणाल्या.

"हात नाई हलला जी!" जोडीदार ताडकन उभा राहिला. "जमीनच तशी आहे! मी बोंबलून राहिलो अन् तुम्ही कागद पाहून राहिल्या!"

साहेब त्या एका होलनं जिंकले. व्हरांड्यात टाळ्या वाजल्या, चहा आला. मग साहेबांनी जोडीदारापुढे हात पसरला. "बिल्ला."

तो काढू लागला. पिन अडकली होती. शर्टाला भोक पडू नये म्हणून हळूहळू काढत होता. तेवढ्यात माझ्या तोंडून निघालं, "साहेब, त्याचं बरोबर आहे. पुस्तक खोटं आहे. मीच खोटं सांगितलं. तुम्ही ट्रॉलीचं बोलले म्हणून मुद्दाम सांगितलं."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि हसले हो ते! खांद्यावर हात ठेवला. "दोस्तासाठी स्वतःला खोटं पाडतोस? शाबास. पण शिस्त म्हणजे शिस्त."

"शपथ साहेब! चला, दाखवतो!" मी त्यांना जवळजवळ ओढतच सहाव्याला नेलं. मॅडमही आल्या. मी गुडघ्यावर बसून तीन वेळा बॉल लोळवला. तिन्ही वेळा रस्त्याकडे वळला. साहेब म्हणाले, हातानं लोळवलेला बॉल वेगळा, पटरचा वेगळा. मॅडमना माझी दया आली होती. "पावसात जमीन दबली असेल," त्या म्हणाल्या. "तुम्ही स्वतःला दोष देऊ नका." आणि दोघं चहाला परत गेले.

मागे जोडीदार उभा होता. माझ्यावर विश्वास बसलेला तेवढा एकच माणूस.

"तूच?" तो म्हणाला.

मी मान हलवली.

त्यानं वाकून तो बॉल उचलला. मग म्हणाला, "मॅडमनं तुले विचारलं तवा तू खाली पाह्यलं. मले वाटलं, नियम पाळून राहिला बिचारा."

बिल्ला त्यानं माझ्याच हातात दिला, साहेबांना द्यायला. आता तो एका सोसायटीच्या गेटवर बसतो. खोली त्यानं बदलली.

मी मात्र आता सहाव्याला गप्प बसत नाही. प्रत्येकाला सांगतो, रस्त्याकडे वळतो. ते पुस्तक उघडून मला माझंच पान दाखवतात. गेल्या आठवड्यात एका नव्या मेंबरशी मी जरा जास्तच हुज्जत घातली. तो वैतागून म्हणाला, "आता गप्प बसतोस, की सेक्रेटरींना सांगू?"

माझा हात आपोआप बिल्ल्यावर गेला. याच जागी, हेच ऐकलेलं असूनही, माझा जोडीदार बोलला होता.

मी गप्प बसलो.