बंद न केलेलं मशीन

तमाम सज्जनांनो, अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत पसरलेल्या माझ्या चाहत्यांनो, चहाचे कप खाली ठेवा. अत्यंत गंभीर, जवळजवळ राष्ट्रीय महत्त्वाची घोषणा होत आहे : मी खोटारडा आहे. हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला मी डब्यातली कारल्याची भाजी कुणाच्या गळ्यात मारली तेसुद्धा सांगतो.

हसलात? मला तुम्हाला हसवता येतं ना, तिथेच तर सगळी वाट लागली.

चोरीचा किस्सा तुम्ही ऐकलाच असेल. मढच्या बंगल्यावर ऑफिसची पिकनिक गेली की फर्माईश होतेच. दसऱ्याच्या तोंडावर आमच्या सर्व्हरमध्ये चोर शिरतो, साहेब एका पायात बूट आणि एका पायात चप्पल घालून धावत येतात, आणि शुभांगी घाबरून ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसते. तिची नक्कल करताना मी नॅपकिन गुंडाळतो. लोक पोट धरून हसतात. पण त्यातला एक तुकडा मी कायम गाळतो.

अंधेरीतली आमची छोटी कंपनी पॅथॉलॉजी लॅबचे रिपोर्ट साठवते. कुणाची शुगर, कुणाचा कॅन्सर. ते सर्व्हरचं मशीन सांभाळणारा मी. आणि कर्नेल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा अगदी आतला गाभा, तिथला आमचा कोड बघणारी शुभांगी. दोघं एकदमच लागलो होतो, अरे-तुरेतले.

तिला त्या कोडमध्ये भोक सापडलं. सोपं आहे — भाडेकरू खोली सोडून गेला, खोली दुसऱ्याला दिली, पण पहिल्याची किल्ली अजून लागतेच. मेमरीचा तुकडा परत केलेला, तरी कोड जुना पत्ता धरून तिथे ये-जा करतो. ज्याला हे कळलं, तो त्या किल्लीने आत शिरून अख्ख्या बिल्डिंगचा मालक होऊन बसतो.

शुभांगीने ते भोक बुजवणारा पॅच लिहिला. चोख लिहिला. "टाक, आणि मशीन बंद करून चालू कर," म्हणाली. कारण चालू मशीनच्या मेमरीत जुना कर्नेलच बसलेला असतो. रीस्टार्ट केलं नाही, तर नवं कुलूप आणून कपाटात ठेवल्यासारखं. दाराला जुनंच.

मी पॅच टाकला. रीस्टार्ट केलं नाही.

का? ऐका, आणि खुशाल शिव्या घाला. दसऱ्याला आमच्याकडे मशीनची पूजा होते. झेंडूचा हार, हळदकुंकू, आणि मग माझा खेळ. मशीन एकदाही बंद न पडता किती दिवस चालू आहे तो आकडा मी स्क्रीनवर दाखवतो, दवंडी पिटल्यासारखा ओरडतो आणि पेढे वाटतो. त्या दसऱ्याला पाच वर्षं भरत होती. रीस्टार्ट केलं की आकडा शून्य! म्हटलं, दसरा तर आलाच. आकडा दाखवू, शुभांगी भडकेल, सगळे हसतील, मग करू बंद. तिने विचारलंही होतं, "रीस्टार्ट केलंस ना रे?" मी म्हणालो, "केलं गं. एकदम झकास."

पेढ्यांसाठी! चार टाळ्यांसाठी! माझ्या या तोंडावर कुणी चप्पल का नाही मारली?

चोर दसऱ्याच्या आधीच आला. त्याच भोकातून. माणसांचे आजार परक्यांच्या हातात गेले. चोरी कळली त्या सकाळी सगळ्यांच्या आधी मी पोचलो, मशीन रीस्टार्ट केलं, आणि ते आधी कधी बंद झालं होतं, झालं होतं की नाही, याच्या सगळ्या खुणा पुसल्या. एकदा तरी अडखळलो का? नाही. त्याचीच जास्त चीड येते — किती सफाईने केलं मी!

निष्कर्ष निघाला : पॅच फसला. शुभांगीला काढलं. आमचं क्षेत्र लहान, ती इंटरव्ह्यूला पोचायच्या आधी तिची बातमी पोचायची. आता ती मुलुंडला शाळेतल्या मुलांच्या कॉम्प्युटरच्या शिकवण्या घेते. कर्नेलला तिने पुन्हा हात लावलेला नाही. आणि मला? संकटात मशीन सांभाळल्याबद्दल शाल. शाल! ती पांघरून, दात काढून मी फोटो काढून घेतला. वर दर पिकनिकला तिची नक्कल.

साहेबांचा राग येतो — मला दोन उलटे प्रश्न विचारायला काय झालं होतं? तुमचाही येतो, हसता म्हणून. पण या रागाआड लपणं हीसुद्धा माझीच लबाडी. खोटं मी बोललो. खुणा मी पुसल्या. तिचं नाव मी घालवलं.

आता तो गाळलेला तुकडा. चोरीनंतरची मीटिंग. साहेबांनी विचारलं, "पॅच टाकून रीस्टार्ट केलं होतं?" मी म्हणालो, "हो, त्याच दिवशी." समोर शुभांगी लॅपटॉपवर स्वतःचा कोड उघडून बसली होती. एकेक ओळ खाली सरकवत होती, पुन्हा वर जात होती. चूक सापडत नव्हती — नव्हतीच, तर सापडणार कुठून? तिने मान वर केली, माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, कळलं हिला. संपलो.

तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सगळ्यांसमोर पटकन बोलून गेली, "केलं म्हणतोय ना हा, मग केलंच असणार. माझंच चुकलंय कुठेतरी."