नांदायला गेलेल्या लेकी

तो माझ्या बरोबरीचाच अधिकारी, खिशातल्या कंगव्यानं सतत भांग पाडणारा. हिंगोलीच्या आरोग्य कचेरीत कोणत्या गावाला नर्स द्यायची, हे आम्ही दोघं ठरवायचो. मी गावातल्या सुना मोजायचो. तो मात्र जाईल तिथं विचारायचा, "लेकी किती नांदायला गेल्या?"

एकदा मी चिडलोच. "गेलेल्या काहून मोजून राहिला रे?"

"येड्या, पहिलं बाळंतपण माहेरीच असतंय न्हाई का?"

त्याच्या हट्टामुळं एका लहानशा तांड्याला नर्स मिळाली आणि तिथल्या बाळंतिणी वाचू लागल्या. माझ्या निरोप समारंभात साहेबांनी त्याचं श्रेय मला दिलं. मी हात जोडून ते स्वीकारलं. सर्वांत जोरात टाळ्या त्यानंच वाजवल्या. त्याला ते जमलं, याचाही मला हेवा वाटला.