पहाटेच्या वाटेची काच

तो चाकणला वेल्डर आहे. बोलण्याआधी मान खाली झटकतो, जणू तोंडावर वेल्डिंगचा मुखवटा पाडतो आहे. पहिल्या पाळीला अंधारातच सायकलने निघतो आणि धुळीसाठी काळा चष्मा लावतो. काल तिन्हीसांजेला कोपर खरचटून माझ्या चष्म्यांच्या दुकानात आला.

"काका, याहून काळी काच द्या."

"पडलात कशाने?"

"पहाटे दगड दिसला न्हाई. काच जितकी काळी, तितका डोळा शाबूत."

"ते ठिणगीपुढे. अंधारात बिनरंगी काच हवी."

"नंबरचा चष्मा समजून पोरं म्हणतील, म्हातारा झाला!"

"म्हातारे होण्यासाठी जगावे लागते."

बिनरंगी चष्मा लावून तो दारात उभा राहिला. मान झटकली नाही. कुणा ट्रकवाल्याने चाक अडवायला लावून तसाच टाकून दिलेला दगड समोर रस्त्यात पडला होता. त्याने तो उचलून कडेला ठेवला आणि मगच सायकलवर बसला.