मस्कत ते शिरूर कासार

"भागवत, पेशंट का कागज किधर है?" शेख सर फोनवर विचारत होते.

"सर, आज येतो."

"कल भी तुम आजच बोले थे. लिस्ट मेरे घर की नै है मियाँ, मैं कितना रोक के रखूँ?"

शेख सर औरंगाबादचे. ते कन्सॉलिडेटर, म्हणजे विमान तिकिटांचे ठोक व्यापारी. माझ्यासारखे जिल्ह्याचे लहान एजंट त्यांच्याकडून तिकिटं घेतात. बीडला माझं एका शटरचं ऑफिस आहे. लॉकडाऊन लागलं तसं शटर खाली आलं आणि धंदा सगळा मोबाइलवर गेला. फिरायला कोणी जात नव्हतं. जो तो घरी यायला बघत होता.

मी बी.कॉम. आहे. आमच्या घराण्यातला पहिला. कोणी विचारलं नाही तरी हे मी सांगतो. माझे वडील तलवाड्याचे मेंढपाळ. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन निघायचे. कोणत्या वाटेनं जायचं, कोणाच्या रानात बसवायचं, पाणी कुठं लागेल, सगळं डोक्यात. माझा धंदा त्यांना समजावून सांगितला तर म्हणाले, "मंजी मान्सं हाकतुस की." मला राग आला होता. पण त्या वर्षी काम अगदी तेच होतं.

ज्याचा कागद शेख सर मागत होते तो विष्णू, दगडूतात्यांचा एकुलता एक मुलगा. दगडूतात्या माझ्या वडिलांबरोबर मेंढरामागं फिरलेले. त्यांचं गाव शिरूर कासारच्या पुढं. तिथली निम्मी घरं ऊसतोडीला जातात. विष्णू एकटा मस्कतला गेला, स्कॅफोल्डिंगच्या कामावर. नवी इमारत उठताना तिच्याभोवती लोखंडी पाइपांचा सांगाडा उभा करतात, ते काम. त्याचं पहिलं तिकीट मीच काढलेलं.

तात्यांचा फोन आला तो असा :

"भागवता, विष्णूची आई लई शिरेस हाय. पोराला आन."

"दवाखान्यात आहेत का?"

"न्हाई. घरीच हाय. दवाखान्यात आता कोन जवळ करतंय?"

"काय झालंय?"

"आता काय सांगावं फोनवर. तू पोराला आन बाबा. धा दिसाच्या आत आन."

दहाच दिवस का, हे मी विचारलं नाही. आजाऱ्याचं माणूस असंच काहीतरी बोलतं.

आता आणायचं म्हणजे काय, ते सांगतो. नेहमीची विमानं बंद. सरकारी विमानांसाठी नाव नोंदवायचं आणि वाट बघत बसायचं. दुसरी वाट चार्टरची. चार्टर म्हणजे तिकडच्या लोकांनी एकत्र येऊन अख्खं विमान भाड्यानं घ्यायचं, दोन्ही सरकारांची परवानगी काढायची. त्यात जागा मूठभर आणि नावं ढीगभर. त्यामुळे क्रम ठरलेला. घरात मयत झालेले पहिले. मग गरोदर बायका, मग ज्यांचं माणूस घरी अत्यवस्थ आहे ते. बाकीचे सगळे जनरलमध्ये. मयत असेल तर मृत्यूचा दाखला, आजार असेल तर डॉक्टरचं पत्र. कागद नाही तर जनरल. आणि फॉर्मवर प्रवाशाची स्वतःची सही.

एवढं जमलं तरी माणूस फक्त मुंबईत उतरतो. तिथं हॉटेलात क्वारंटाइन, घरात मयत किंवा आजार असेल त्यालाच त्यातून सूट. मग ई-पास काढून गाडी. मग जिल्ह्याच्या हद्दीवर चेकपोस्ट. शेवटी गाव. आणि गावाची हद्द सगळ्यात कडक, कारण तिथं पास दाखवायला साहेबच नसतो. रस्त्यावर बाभळीच्या काट्या टाकलेल्या आणि पलीकडं पोरं बसलेली.

मी विष्णूला आजाराच्या यादीत घातलं. त्याला, तात्यांना आणि मला असा तिघांचा व्हिडिओ कॉल लावला. तात्या घराच्या ओसरीत बसलेले, डोक्यावरून घेतलेलं उपरणं तोंडाला गच्च बांधलेलं. फक्त डोळे दिसत होते.

"तात्या, घरात कावून बांधलंय?" मी म्हणालो. वातावरण जरा हलकं व्हावं म्हणून.

"करोना हाय की. तुमीच सांगता ना, मास लावा मास लावा."

विष्णू तिकडून म्हणाला, "आई कुठंय?"

"झोपली हाय आत्ताच."

"बरं. झोपू द्या."

पुढच्या कॉलांवर त्यानं आईचं पुन्हा विचारलं नाही. मला वाटलं, समजूतदार पोरगा आहे, उगाच बापाला त्रास देत नाही. तारीख काय, पास कुठं मिळेल, एवढंच बोलायचा. काही दिवसांनी तोही मास्क लावून, डोक्यावर टोपी घालून दिसायला लागला. मी कारण विचारलं तर म्हणाला, "खोलीत सहा जण आहोत दादा. एकाला खोकला आहे."

मला ते पटलं. त्या दिवसांत झाकलेल्या तोंडाबद्दल कोण शंका घेणार?

डॉक्टरचं पत्र मात्र येईना. रोज मागायचो. तात्या म्हणायचे, डॉक्टर आला न्हाई. मग म्हणाले, आलता पन शिक्का न्हवता. मग म्हणाले, फोटू निघंना. इकडं शेख सरांचा तगादा. शेवटी मी तहसीलमधल्या ओळखीनं पास काढला आणि मोटारसायकलवर निघालो. पत्र स्वतः घ्यायचं आणि तिथूनच पाठवायचं, असं ठरवून.

गावाच्या तोंडाला काट्या होत्याच. पोरांनी हात दाखवून थांबवलं. "बीडचा हाय का? मंग तिथंच."

तात्यांना निरोप गेला. ते उन्हातून आले. उपरणं तसंच बांधलेलं. काट्यांच्या पलीकडं उभे राहिले, मी अलीकडं.

"तात्या, पत्र."

"देतो की. तू पानी पिलास का?"

"पाणी नको. पत्र नसेल तर डॉक्टरचं नाव सांगा, मी जाऊन आणतो. आज नाही गेलं तर विष्णूची सीट जाते. विमान उद्या आहे."

तात्यांनी मागं वळून पाहिलं. मग पोरांना म्हणाले, "व्हा रे जरा तिकडं." पोरं बाजूला झाली. तात्यांनी गाठ सोडली आणि उपरणं खाली घेतलं.

तात्यांची मिशी आमच्या सगळ्या पट्ट्यात माहीत होती. भरघोस, दोन्हीकडं वळवलेली. माझे वडील तिची थट्टा करायचे. ती नव्हती. डोक्याचाही गोटा केलेला, त्यावर पांढरे खुंट आलेले. एकुलता एक मुलगा परदेशी, म्हणून बायकोला अग्नी त्यांनीच दिला होता.

"कधी?" मी विचारलं.

"तुला पैला फोन केला ना, त्याच्या आदल्या दिशी. उलटी झाली दोनदा. गाडी बघस्तवर गेली."

 माझ्या तोंडातून धंद्याचंच निघालं. "तात्या, मला सांगायचं होतं. मयत म्हणून पहिल्या विमानात बसला असता तो. ग्रामपंचायतीचा दाखला पुरला असता."

"अन् त्याला कळलं असतं."

"कळायला नको का?"

"तिकडं कोंडून पडलाय. काम बंद. जवळ आपलं कुनी न्हाई. सांगितलं, अन् त्यानं काई करून घेतलं म्हंजी? ती गेली ती गेली. आमच्याकडं दूरच्याला मेल्याचं कुनी सांगत न्हाई भागवता. शिरेस हाय म्हनायचं. मानूस दारात आलं की त्याला कळतंच." मग म्हणाले, "तुला सांगितलं असतं तर तू फारमात लिवलं असतंस. तुमी शिकलेली मान्सं."

हे खरं होतं. मी लिहिलंच असतं.

"धाव्याला तरी यावा म्हनून तुला धा दीस म्हनलो," ते म्हणाले. "मी दिला अग्नी, पन धावा लेकानं करावा, असं तिच्या मनात असंल की न्हाई?"

मी म्हणालो, अजूनही जमेल. दाखला द्या, विष्णूची सही घेतो, शेख सरांचे पाय धरतो.

"सही घ्यायची म्हंजी सांगावं लागंल."

"लागेल."

तात्यांनी मान हलवली. "मंग न्हाई. तुज्या बापाची आन हाय तुला. तो हितं, माज्या पुढ्यात येईस्तवर एक सबूद बोलायचा न्हाई."

वडील नुकतेच गेलेले. ती शपथ मोडणं माझ्याच्यानं झालं नसतं. तिथूनच शेख सरांना फोन लावला.

"सर, कागद मिळत नाही."

"मतलब?"

"मतलब जनरलमध्ये टाका."

"पागल हो गए क्या? जनरल का नंबर कब लगेगा मालूम है?" मग माझ्या आवाजावरून त्यांना काहीतरी लागलं असावं. हळू बोलले, "मयत है क्या, भागवत? है तो बोलो. अब्भी बैठाता हूँ."

समोर तात्या उभे. मी म्हणालो, "नाही सर."

विमान गेलं. ती सीट दुसऱ्या कोणाला मिळाली, बरं झालं असेल त्याचं. दहावा झाला, तेरावा झाला. व्हिडिओ कॉलवर तात्यांचं उपरणं आणि विष्णूची टोपी तशीच. "आईला बरं वाटतंय का?" एवढंही तो विचारत नव्हता, आणि आता मला ते सुटल्यासारखं वाटायचं.

जनरलमध्ये त्याचा नंबर लागला. मुंबईत हॉटेलात राहिला. टेस्ट निगेटिव्ह आली. मी ई-पास काढला, गाडी ठरवली आणि त्याला घ्यायला जिल्ह्याच्या हद्दीवर जाऊन थांबलो. मनात एकच. आता याला दारापर्यंत काय बोलत न्यायचं?

चेकपोस्टवर गाडी थांबली. पोलीस म्हणाला, "मास्क काढ, फोटोशी ताडून बघू दे." विष्णूनं मास्क काढला. टोपीही काढली.

पासपोर्टवरच्या फोटोत मिशी होती. समोरच्या तोंडावर नव्हती. डोक्यावर नुसते बारीक खुंट.

पोलिसानं एकदा फोटोकडं, एकदा त्याच्याकडं पाहिलं. "कोण गेलं?" त्यानं सरळ विचारलं.

"आई," विष्णू म्हणाला.

पोलिसानं पासपोर्ट परत दिला आणि बॅरिकेड उचललं.

गाडीत मी विचारलं, "तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. आमचा तात्या घरात तोंड बांधून बसेल का दादा? थंडीत कानाला फडकं गुंडाळत नाही तो. पहिल्या कॉललाच कळलं. आणि आई झोपली म्हणाला. आई व्हिडिओ कॉल लागला की फोन कानाला धरायची. मला नुसता तिचा कान दिसायचा. कितीदा सांगितलं, समोर धर, पण ऐकूच येणार नाही असं वाटायचं तिला. ती आजारी असती तरी तात्यानं तिच्या कानाला फोन लावला असता."

"केस?"

"तात्यानं तोंड बांधलेलं दिसलं, तिथून दिवस मोजले. पण दहाव्यापर्यंत थांबवलं नाही, तिसऱ्याच दिवशी खोलीतल्या पोरानं ट्रिमर फिरवला. मिशी माझी मी काढली. तेव्हापासून वाढू दिली नाही."

माझा तोल गेला. "अरे, मग मला तरी बोलायचं! मी तुला पहिल्या विमानात बसवला असता!"

"आणि दाखला? तो तात्याकडंच मागावा लागला असता. मला कळलंय हे त्याला कळलं असतं. मग रात्रंदिवस त्याच्या डोक्यात तेच, पोरगं तिकडं एकटं रडतंय. तो तिथं एकटाच होता की."

गाडी गावाच्या रस्त्याला लागली.

गावाच्या काट्यांपाशी तात्या येऊन उभे होते, तोंड बांधून. विष्णूला आधी शाळेच्या खोलीत राहायचं होतं, त्यामुळे जवळ जायची सोय नव्हती. तो गाडीतून उतरला, काट्यांपासून चार पावलांवर थांबला आणि मास्क काढला. मग टोपी.

तात्या त्याच्या डोक्याकडं बघत राहिले. मग त्यांनी सावकाश उपरण्याची गाठ सोडली. दोघांची तोंडं तेव्हा अगदी एकसारखी दिसत होती.

"जेवलास का?" तात्यांनी विचारलं.

"न्हाई," विष्णू म्हणाला. तात्या तिथंच रस्त्यावर खाली बसले. मग विष्णूही बसला. मधे काट्या.

आता विमानं नेहमीसारखी सुरू आहेत. पण बाहेरच्या माणसाला तातडीनं आणायचे फोन येतातच. "लई शिरेस हाय" म्हणून. मी आधी व्हिडिओ कॉल लावतो आणि म्हणतो, तोंडावर, डोक्यावर काही असेल तर काढा. मग विचारतो, गेलंय का माणूस? लोकांना हे उद्धटपणाचं वाटतं. दोघांनी तर फोनच ठेवून दिला. ठेवू दे. तारीख, फॉर्म, पासपोर्ट, सगळं मी त्यानंतर विचारतो.