फायनल सोडून गेलेला बॅक

फायनल रविवारी होती आणि अमेरिकेच्या विमानासाठी माझी मुंबईची गाडी शुक्रवारी. कोल्हापूरच्या स्टँडवर तुम्ही सगळे आलात. बंडा तेवढा बोलला नाही. गोलकीपरच तो, त्याला राग यायचाच. आबा आलेच नाहीत. तालमीच्या फुटबॉल टीमचे ते आधी कोच, माझे वडील नंतर. निरोप धाडला, "म्हणावं, फायनल सोडून पळणारा बॅक मी तयार केला न्हवता."

तुम्ही दोन गोलनं हरलात. ते मला पत्रातून कळलं आणि पुढं बारा वर्षं प्रत्येक पत्रातून कळत राहिलं. अरे, पुरे की लेकांनो! युनिव्हर्सिटी काय आपल्या पेठेची फायनल बघून ॲडमिशन देते?

बरं, इकडं येऊन फुटबॉल सुटला म्हणाल, तर तेही नाही. ॲरिझोनातल्या चँडलरला कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या कंपनीत नोकरी लागली, लेक नेहा सात वर्षांची झाली आणि तिच्या सॉकर टीमला असिस्टंट कोच हवा होता. काय सांगू इथल्या मॅचचं! आईबाप फोल्डिंगच्या खुर्च्यांवर गप्प बसून संत्र्याच्या फोडी वाटतात. पोरीनं स्वतःच्याच गोलमध्ये बॉल मारला तरी "गुड ट्राय!" हरलेल्यांनाही ट्रॉफी. पहिल्याच प्रॅक्टिसला मी आबांचं शिकवलं, "बॉल गेला तर जाऊ दे, गडी जाता कामा नये." दोन आयांनी लगेच कंप्लेंट केली.

वाचवलं ते हेड कोच रामोननं. हा स्पेनचा, तिकडं पंधरा वर्षं प्रोफेशनल बॅक. शेवटचे दोन सीझन अमेरिकेत खेळायला आला आणि इथली लीगच बंद पडली, म्हणून पोरींचा कोच झाला. त्यानं आयांना सांगितलं, "माझ्या गावच्या कोचनं मलाही हेच शिकवलं होतं." संपला विषय.

यंदा मार्चमध्ये आबा आले. फायनलबद्दल चकार शब्द नाही, पण माझ्याशी धड बोलणंही नाही. शनिवारी मॅचला नेलं. बजावलं, "आबा, इथं ओरडायचं नाही." "व्हय," म्हणाले. आणि पाचव्या मिनिटाला उभं राहून रेफ्रीच्या सात पिढ्यांचा उद्धार! रेफ्री म्हणजे आमचा दातांचा डॉक्टर. नेहा बॅकच्या जागेवरून ओरडली, "डॅड, मेक हिम सिट डाऊन!" मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. रामोन मात्र खूश, म्हणे इतक्या वर्षांत पहिल्यांदा खरा प्रेक्षक आला.

मॅच संपल्यावर तो आबांशेजारी येऊन बसला. मधे दुभाष्या मी.

आबा म्हणाले, "त्याला सांग, हा माझा पोरगा. चांगला बॅक हुता. फायनल सोडून पळाला."

"आबा!"

"सांग म्हणतो न्हवं?"

काय करणार? माझीच कागाळी मीच इंग्लिशमध्ये केली, एक शब्द न गाळता.

रामोननं खुर्ची आबांकडं वळवली. म्हणाला, "मीही सतराव्या वर्षी गावची टीम अर्ध्या सीझनमध्ये सोडून गेलो. वडील चिडले. पुढं मोठमोठ्या स्टेडियममध्ये खेळलो, ते बघायला एकदाही आले नाहीत. आता ते नाहीत. तुझे आले. सांग त्यांना."

हे मराठीत सांगताना दोनदा थांबलो.

तेवढ्यात नेहा संत्र्याची फोड चोखत आली. आबा तिला म्हणाले, "पोरी, टॅकलला डावा पाय आधी टाकतीस. तुझ्या बापाची खोड हाय ती. मोडायची राहिली, त्याच्या आत गेला हा." मग धोतर खोचून उठले, उन्हात मैदानावर गेले आणि मला हाक मारली, "तूबी ये. बॉल घे." तास न् तास दोघांना पळवलं.

परवा ते परतले. इथं पुन्हा सगळे "गुड ट्राय" म्हणायला लागलेत आणि घर खायला उठतंय. त्यांना जप, बंडा. आणि हो, पत्रात फायनलचं लिहायचं बंद करू नका.