सरांनाही तोंड दाखवावं लागलं

शाळेच्या ऑनलाइन वर्गांची खाती माझी मावशी सांभाळते. काल परीक्षा तोंडावर आलेली असताना मुख्याध्यापकांचा घरी फोन आला.

"अहो बाई, पासवर्ड विसरलो! प्रश्नपत्रिका माझ्याच खात्यात अडकलीय. पटकन नवा द्या!"

"सर, आधी व्हिडिओवर या. तोंड दाखवा."

"म्हणजे? माझा आवाज ओळखत नाही?"

"ओळखते की! पण हाच आवाज माझा भाचा रोज काढतो, खोकल्यासकट."

शेजारी बसलेल्या मला ठसकाच लागला. साहेबांना असं सुनावायला जिगर लागते, नोकरीच जायची! सर तणतणत व्हिडिओवर आले, अर्ध्या गालावर दाढीचा फेस. मावशीने हसू दाबून नवा पासवर्ड दिला. पेपर वेळेवर सुरू झाला. संध्याकाळी सरांनी शिक्षकांना बजावलं, "यापुढे फोनवर माझ्यावरही विश्वास ठेवू नका."