एका फळातल्या दोन बिया

कल्पना करा, तुम्हाला केळी सोलायची आहेत. पिकलेली नव्हे, हिरवीगार, कच्ची, बोटांना चीक लावणारी. आधी तळहातांना तेल चोळा. सुरीचं टोक सालीखाली अलगद सरकवा आणि साल पट्टीसारखी उतरवा. चीक सदऱ्यावर पडू देऊ नका, तो डाग सदरा फाटेपर्यंत जात नाही. सोललेली केळी घेवड्याच्या दाण्यांबरोबर मडक्यात घाला, वर केळीची पानं दाबून बसवा, आच मंद ठेवा. आणि थांबा.

इशेंगोमाला हे त्याच्या आईनं शिकवलं होतं. टांझानियात मोठ्या सरोवराकाठी बुकोबा आहे, तिथला तो. तिकडे मुलग्यांना हे काम कोणी शिकवत नाही; पण त्याला बहीण नव्हती.

१९६६ साली शिष्यवृत्तीवर तो धुळ्याच्या शेतकी कॉलेजात आला. मेसमधली बाजरीची भाकरी आणि ठेचा त्यानं डोळ्यांतून पाणी काढत पचवला. एकदा त्यानं सांगितलं, की आमच्याकडे केळी हेच जेवण. मेसचा आचारी अभिमन हातातला पिठाचा गोळा तसाच धरून म्हणाला, “भाऊ, केळं जर जेवण, मंग भाकर काय फळ शे?” सगळं हॉस्टेल हसलं. इशेंगोमाही हसला.

हसला नाही तो चुडामण. तो सावद्याचा, घरचा केळीचा मळा असलेला. इशेंगोमानं येताना आईच्या बागेतला एक कंद आणला होता. मुंबईच्या बंदरावर तपासणीत तो पंधरा दिवस अडकला, औषधात बुडवून निघाला, तरी जिवंत राहिला. हॉस्टेलच्या मागं धुळ्याच्या उन्हात तो सुकायला लागला तेव्हा चुडामण म्हणाला, “गोमा, हे काय केळीचं ठिकाण आहे? चल आमच्या मळ्यात. विहिरीकाठी लावू.”

सावद्याला इशेंगोमानं आयुष्यात प्रथमच नजर पुरणार नाही एवढी केळी पाहिली, आणि एकाही चुलीवर केळं पाहिलं नाही. सगळे घड रेल्वेच्या वाघिणीत बसून दिल्लीकडे जात.

कंद लावून झाल्यावर त्यानं खिशातून वेताची लहानशी डबी काढली. तिच्यात उकडून वाळवलेली कॉफीची फळं होती. त्यानं एक फळ फोडलं. आत दोन बिया, पोटाला पोट लावून बसलेल्या.

“एक तू खा, एक मी. आमच्याकडे असं खाल्लं की दोघं भाऊ. मग एकमेकांना फसवायचं नाही. फसवलं तर बी पोटात फुगते.”

“बापरे! ऑपरेशन करावं लागंल!” चुडामणनं बी तोंडात टाकली, चावली आणि तोंड वेंगाडलं. “कडू जहर आहे रे!” असं म्हणत तो पाणी प्यायला विहिरीकडे पळाला.

पुढल्याच वर्षी वडील वनाआबा अंथरुणाला खिळले म्हणून चुडामणनं कॉलेज सोडलं. मग पत्रं यायची. पानं किती झाली, पिलं किती फुटली. सप्टेंबरात लिहिलं, ‘केळ निसवली, घड बाहेर पडला.’ त्याच आठवड्यात बुकोबाहून इशेंगोमाच्या भावाचंही पत्र आलं. आई गेली होती, महिन्याभरापूर्वीच. तिला घरामागच्या केळीतच पुरलं होतं. तिकडे तशीच रीत आहे.

त्यानं चुडामणला लिहिलं: ‘तो घड मी स्वतः सोलणार आहे. तुझ्या घरच्या सगळ्यांना जेवू घालणार आहे. आईचं एवढंच माझ्या हातून होईल. मी येईपर्यंत कापू नकोस.’

उत्तर आलं, ‘काळजी नको.’ आणि जानेवारीत: ‘घड अजून कोवळा आहे. परीक्षा संपवून सावकाश ये.’

परीक्षा संपली त्या दुपारीच तो घेवडा आणि तेलाची बाटली पिशवीत घालून निघाला. मळ्यात गेला. विहिरीकाठची जागा खणून सपाट केलेली होती. तिथं मेथी उगवली होती.

घरी चुडामणची आई, सुंदरबाई, दाणे निवडत बसली होती. तिनं आपणहूनच सुरुवात केली. “गोमाभाऊ, तुह्या केळीनं आमाले चांगलं फसवलं! घड एवढा मोठा, अन् पिकवला त चव नही. शेवटी म्हशीले टाकला. आबा म्हने, खोडबी उपटून टाका.”

बोलता बोलता तिनं कौतुकानं भिंतीकडे बोट केलं. तिथं काचेत बसवलेलं प्रमाणपत्र होतं. जळगावचं शेतकी प्रदर्शन, विदेशी केळी, पहिला क्रमांक, उत्पादक चुडामण वना पाटील. तारीख नऊ जानेवारी. इशेंगोमाच्या खिशात ‘अजून कोवळा आहे’ असं सांगणारं पत्र होतं. त्यावर तारीख होती पंचवीस जानेवारी.

चुडामण आला. पाहुण्याला पाहून क्षणभर उंबऱ्यातच थबकला, मग मोठ्यानं हसला. “अरे, एक घड तो! हे बाहेर हजार घड उभे आहेत. तुले पाहिजे तेवढे काप!”

“हे पत्र?”

“खरं लिहिलं असतं तर तुझी परीक्षा बुडाली असती. तुझ्यासाठीच केलं.”

“आणि नाव?”

“तुझं नाव त्या कारकुनाला लिहिता येईना.”

इशेंगोमानं घेवड्याची पिशवी आणि तेलाची बाटली सुंदरबाईच्या पुढ्यात ठेवली आणि पायीच स्टेशनवर गेला. फलाटावर वाघिणी भरणं चालू होतं. हिरवे घड एकावर एक चढत होते. त्यातला एकही त्यानं कधी शिजवला नाही. पदवी घेऊन परत जाईपर्यंत नाही.

आता तो बुकोबात शेती अधिकारी आहे. पाहुणा आला की वेताची डबी पुढं करतो, फळ फोडतो. तळहातावर दोन बिया पडल्या की त्याला सावद्याची विहीर आठवते, आणि तिकडे पळत गेलेला, पाठमोरा चुडामण. त्या दिवशी त्यानं ती बी गिळली होती, की विहिरीच्या आडोशाला थुंकून टाकली होती?